सुट्टीवरचा माणूस

सुट्टीवर आलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, हा त्या वाडीतला नियम. तो कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. महाडजवळच्या नाते गावाच्या अलीकडे वहाळाच्या काठाने वसलेली पस्तीस-चाळीस घरं. निम्मी मुसलमानांची, निम्मी कुणब्यांची. मुसलमानांच्या घरांतला जवळजवळ प्रत्येक कर्ता पुरुष आखातात. तो बिचारा दोन वर्षांनी महिनाभरासाठी येणार, त्यातले काही दिवस मुंबईत एजंटाच्या दारात घालवणार. उरलेल्या दिवसांत त्याला म्हैस आटली, कौलं गळतात, शेजाऱ्याने बांध कोरला असलं ऐकवून त्याच्या तोंडची चव कशाला घालवायची? म्हणून सगळं झकास असायचं. पोरं अभ्यासात हुशार असायची, म्हातारी माणसं ठणठणीत असायची, आणि मागच्या खेपेला आणलेला मिक्सर जळून माळ्यावर पडलेला असला तरी तो फार छान चालतो असंच सांगायचं.

सलीमा या कामात तरबेज होती. तिचा नवरा अजमल नऊ वर्षं कुवेतला होता, एका तेल कंपनीच्या यार्डात क्रेन चालवायला. ती त्याला नेमाने पत्र लिही आणि तिच्या पत्रांत सहसा कुणी आजारी पडत नसे. अजमलही काही कमी नव्हता. त्याच्या पत्रांतल्या कुवेतला ऊन नव्हतं, मुकादम नव्हता, एका खोलीत झोपणारी आठ माणसं नव्हती. दोघं एकमेकांना इतकं जपत होती की इतक्या वर्षांत एकमेकांविषयी खरं असं फारसं काही त्यांना कळलंच नव्हतं.

मग नव्वद सालचा ऑगस्ट आला. इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा सलीमा लावणीच्या चिखलात होती. तिची मुलगी उझ्मा धावत बांधावर आली आणि तिने ती ओरडून सांगितली. तोवर सलीमाच्या लेखी कुवेत म्हणजे पाकिटावर लिहायचा पत्ता होता. त्या पत्त्यावर सैन्य जातं म्हणजे काय, हे तिला काही केल्या समजेना. महाडच्या बाजारपेठेत मात्र सगळ्यांना सगळं समजलं होतं. जे पनवेलच्या पुढे कधी गेले नव्हते ते चहाच्या टपरीवर बसून तेलाचं राजकारण सोडवून दाखवत होते. अमेरिका काय करील, रशिया का गप्प आहे, हे त्यांच्या जिभेवर तयार होतं. सलीमाला एवढंच हवं होतं की अजमल जिवंत आहे का ते कुणीतरी सांगावं. तेवढं सोडून बाकी सगळं तिला ऐकायला मिळालं.

सप्टेंबर सरता सरता अजमल आला. बगदादवरून, मग वाळवंटातून जॉर्डनच्या सरहद्दीवर, तिथे तंबूत दिवस काढून, पुढे अम्मानहून विमानाने. हातात एक पिशवी, अंगावर कुणाचा तरी ढगळ शर्ट. सलीमाने त्याला दारात पाहिलं आणि तिला रडू कोसळलं. सारी वाडी जमली. प्रवास कसा झाला म्हणून विचारलं तर तो हसून म्हणाला की आरामात आलो, सरकारने विमान पाठवलं, विमानात बिर्याणी होती. मग वाडीने आपली पाळी घेतली. गोमाजी पुढे सरसावला. हा अजमलच्या बरोबरीचा, वहाळापलीकडचा. अजमलचं इंजिन तोच सांभाळायचा.

"काय काळजी करू नको, अजमलभाय," तो म्हणाला. "तुझं इंजिन एक नंबर चालतंय. सगले भाजीचे मले हिरवेगार हायत."

सलीमाने खाली पाहिलं.

इंजिनाची गोष्ट सांगायलाच हवी. दरवर्षी दिवाळी झाली, भात झोडून झालं की ही वाडी वहाळावर बंधारा घालायची. कच्चा बंधारा, दगड, माती, पेंढा, झाडांच्या डहाळ्या. घरटी एक माणूस यायचाच. अडलेलं पाणी फुगून डोंगराच्या पायथ्याने काढलेल्या पाटात शिरायचं आणि एकेक मळा भिजवत खाली जायचं. वांगी, मिरची, मुळा, वाल, जे ज्याला हवं ते. पाटाच्या अगदी टोकाला राहीबाईचा मळा. तिथे पाणी पोचल्याशिवाय बंधारा झाला असं म्हणायची पद्धत नव्हती, आणि पहिला दगडही टोकाच्या मळेवाल्यानेच ठेवायचा. ज्याच्याकडे पाणी सगळ्यांत शेवटी जायचं त्याच्या हाताने सुरुवात, असा त्यातला हिशेब.

सहा वर्षांपूर्वी अजमल सुट्टीवर आला तो नेमका बंधाऱ्याच्या दिवसांत. त्याचे अब्बा, साठी उलटलेले, गुडघाभर गार पाण्यात उभे राहून धोंडे उचलत होते. पोरगा कुवेतला आणि बाप धोंडे उचलतो, हे त्याला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तो महाडला गेला आणि टेम्पोतून डिझेलचं इंजिन घेऊन आला. वहाळाच्या डोहावर ते बसवलं, वर पत्र्याची शेड घातली आणि वाडीला देऊन टाकलं. ज्याला पाणी हवं त्याने आपलं डिझेल आणावं आणि चालवावं. भाडं नाही, काही नाही. वाडीने त्याला डोक्यावर घेतलं. थंडीच्या दिवसांत पाण्यात उभं राहायची हौस कुणाला असते? त्या वर्षी बंधारा झाला नाही, आणि पुढे कधीच झाला नाही.

त्यानंतर काय झालं ते सलीमाला माहीत होतं, कारण ती इथे राहत होती. पाईप वरच्या मळ्यांपुरता जायचा. ज्याला डिझेल परवडे त्याचा मळा हिरवा, आणि गोमाजी सुट्टीवरच्या अजमलला नेमके तेवढेच मळे हिंडवून आणायचा. पूर्वी बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी हळूहळू मुरायचं, त्याने विहिरींना तळ लागत नसे. आता इंजिन डोह उपसायचं आणि वाहतं पाणी सरळ सावित्री नदीला जाऊन मिळायचं. होळी आली की बायका विहिरीत पोहरा सोडून गाळ वर काढत. जुन्या पाटात घाणेरीची झुडपं माजली. राहीबाईने मळा सोडला आणि ती दुसऱ्यांच्या मळ्यात निंदायला जाऊ लागली. यातलं एक अक्षर अजमलला कुणी सांगितलं नाही. त्याचे अब्बा तीन वर्षांपूर्वी वारले, तेही शेवटपर्यंत इंजिनाचं कौतुकच करत असत.

आणि आता डिझेलची ही तऱ्हा. तिकडे दोन देश तेलावरून भांडले आणि इकडे महाडच्या पंपावर दर चढले, रांगा लागल्या, कधी साठा संपल्याची पाटी. वाडीतल्या लोकांनी इंजिनाकडे जाणंच सोडलं. अजमलला ते सहन होईना. तो रोज सकाळी दोन कॅन घेऊन निघायचा, कधी महाडला तर कधी थेट पोलादपूरला. दिवसभर ट्रकवाल्यांच्या मध्ये उभा राहून मिळेल तेवढं आणायचा आणि ज्याचा मळा सुकत असेल त्याच्यासाठी ओतायचा. लोक घेत आणि दुवा देत. संध्याकाळी तो रेडिओला कान लावून बसे. जानेवारीपर्यंत काहीतरी तोडगा निघेल, मग कंपनी परत बोलावील, असं तो उझ्माला समजावत असे, आणि सलीमाला वाटे की तो ते स्वतःलाच समजावतो आहे.

दिवाळी होऊन गेली. विहिरीवर राहीबाईने सलीमाला गाठलं. वहाळाचं पाणी अजून चांगलं वाहतंय, ती म्हणाली, पण आणखी पंधरवडा गेला तर धार बारीक होईल आणि मग बंधारा घालून उपयोग नाही. सलीमाने गोमाजीला विचारलं. त्यालाही हे कळत होतं. वाडीतल्या चार जणांशी त्याचं बोलणंसुद्धा झालं होतं. मग अडलंय कुठे, तर गोमाजी अवघडून म्हणाला की अजमलभाय परत गेला की लगेच घालू. तो इथे असताना कसा घालायचा? त्याच्या तोंडावर त्याचं इंजिन वाया गेलं असं सांगितल्यासारखं होईल.

सलीमाला हसावं की रडावं कळेना. माणूस परत जाईल तेव्हा जाईल. पाणी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हतं.

पण गोमाजीला नावं ठेवणं सोपं होतं, तिला स्वतःलाही ते सांगणं जमत नव्हतं. अजमलची नऊ वर्षं कुवेतला राहिली होती. राहिलेला पगार, पेटी, गादी, उझ्मासाठी घेतलेली शिलाई मशीन, सगळं. वाडीत त्याच्या नावाने उभी असलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे ते इंजिन. ते चांगलं नव्हतं असं सांगायचं तर त्याच्या हातात काय ठेवायचं? आणि नाही सांगायचं तर उन्हाळ्यात पस्तीस घरांच्या बायका गाळ उपसणार, त्यांत तीही असणार. बरेच दिवस ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. आजवर ती त्याला गोडच बोलत आली होती, दुसरं बोलायची तिच्या जिभेला सवय नव्हती.

एका दुपारी तो पोलादपूरहून परतला. दोन कॅन नेले होते, अर्धाच भरून मिळाला होता. उद्या पहाटेच निघतो म्हणाला, पहिला नंबर लावतो. त्याचे पाय सुजले होते. सलीमाने त्याला पाणी दिलं, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबली आणि म्हणाली की माझ्याबरोबर जरा चला. ती त्याला वहाळाच्या काठाने खाली घेऊन गेली. वरचे मळे मागे पडले, घाणेरीतून वाट काढावी लागली. एका मोकळ्या, भेगाळलेल्या तुकड्याशी ती थांबली.

"राहीबाईचा मला ना हा?" त्याने विचारलं. "आजारी हाय काय ती?"

"ती धडधाकट हाय. पानी येत नाय इथं."

"इंजिन हाय की."

"इंजिनाचा पाईप इथवर पोचत नाय. आन् डिझेल कुठनं आणील ती?"

तो त्या जमिनीकडे पाहत राहिला. "कधीपासनं?"

"इंजिन आलं तेव्हापासनं," सलीमा म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर मग ती थांबली नाही. विहिरींचं सांगितलं, गाळाचं सांगितलं, गोमाजी त्याला कुठले मळे दाखवायचा ते सांगितलं, आणि तो परत जायची वाडी वाट बघतेय हेही सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच राग येत होता, की हे इतक्या उशिरा का.

"सहा वर्सं मला कोन बोललं नाय," अजमल म्हणाला.

"तुम्ही सुट्टीवर होतात."

"आन् आता?"

"आता तुम्ही घरी आलाव. म्हणून बोलतेय."

तो वळला आणि झपाझप वर निघून गेला. थोड्या वेळाने इंजिनाचा धडधडाट ऐकू आला. आणलेलं सगळं डिझेल त्याने टाकीत ओतलं होतं. सलीमा घरी आली, भाकऱ्या थापत राहिली, आणि तिचा सगळा जीव त्या आवाजाकडे होता. दिवस कलला तसं इंजिन दोन-तीनदा अडखळलं आणि बंद पडलं. अजमल घरी आला तो हात-पाय धुऊन चुलीपाशी बसला. ती घाबरली होती. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

जेवता जेवता तो बोलू लागला, आधी तुटक, मग सलग. सरहद्दीवरच्या तंबूंत हजारो माणसं होती. संध्याकाळी पाण्याचा टँकर यायचा. त्याचा तंबू सगळ्यांत शेवटच्या रांगेत. टँकर तिथवर येईपर्यंत रिकामा व्हायचा. पुढचे लोक वाईट नव्हते, तो म्हणाला, त्यांच्याही पोरांना तहान लागलेली. पण मागे कुणी आहे हे त्यांना दिसतच नव्हतं. एका मद्राशाने आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी दिलं म्हणून अजमल तगला. ती बिर्याणी वगैरे सगळं त्याने आपल्या मनचं सांगितलं होतं. विमानात त्याला काय दिलं ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं, तो बसल्या बसल्या झोपला होता.

नवऱ्याने अशा प्रकारचं काही सांगायची ही पहिलीच वेळ.

"बंधाऱ्याला घरटी एक मानूस लागतो ना," तो शेवटी म्हणाला. "आपल्या घरातनं मी जाईन."

वाडीला निरोप गेला. शुक्रवार टाळून शनिवारी सकाळी माणसं वहाळात उतरली, पण कुणाला अजमलकडे सरळ बघवेना. गोमाजी तर पुन्हा सुरू झालाच होता. इंजिनाला तोड नाही, हे आपलं उगाच, डिझेल मिळत नाही म्हणून. राहीबाई वाकून पहिला दगड शोधत होती. तिने तो पाण्यात ठेवला, कंबर सरळ केली आणि अजमलपुढे उभी राहिली.

"सहा वर्सं माझा मला सुका ठेवलास रे," ती म्हणाली.

सगळे जागच्या जागी थांबले. सलीमाला वाटलं, आता हा वर निघून जाणार, आणि गेला तर पुन्हा कधी खाली उतरणार नाही. अजमलचा चेहरा उतरला होता. पण तो हलला नाही.

"व्हय, काकी."

"मग बघत काय ऱ्हायलास? उचल तो धोंडा."

त्याने धोंडा उचलला. तो चुकीच्या जागी बसवला म्हणून राहीबाईने त्याला पुन्हा झापलं, आणि कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच कामाला लागले. गोमाजीचं इंजिनपुराण त्यानंतर ऐकू आलं नाही. बायका पाटातली घाणेरी तोडत होत्या, पुरुष माती आणि पेंढा थापत होते. जुनी माणसं आता थोडीच उरली होती आणि तरुणांना काही येत नव्हतं. पहिली भिंत दुपारी मधोमध फुटली आणि पुन्हा घालावी लागली. मंगळवारी पाटाला पाणी लागलं. ते घाणेरीची मुळं, बिळं, भेगा भरत इतकं सावकाश पुढे सरकत होतं की बघणाऱ्यांचा धीर सुटावा. बुधवारी सकाळी ते राहीबाईच्या मळ्यात शिरलं. ती बांधावर बसून होती. पोचलं, एवढंच तिने सांगून पाठवलं आणि पदराने तोंड पुसलं.

इंजिन काही कुणी उचलून फेकून दिलं नाही. चैत्रात बंधारा आटला की ते लागणारच, आणि तेव्हा त्याला पाईप कुठवर जोडायचा यावर आत्ताच भांडण सुरू झालं होतं. आखातात लढाई होणार की टळणार, तेही कुणी सांगू शकत नव्हतं. अजमल रेडिओ ऐकतच होता.

बुधवारी दुपारी सलीमा बंधाऱ्यावर भाकरी घेऊन गेली. अजून बरीच डागडुजी बाकी होती. गोमाजी आणि आणखी दोघं-तिघं खालच्या अंगाला धोंडे लावत होते. अजमल काठावर बसून जेवला, हात धुतले, पण उठला नाही. त्याच्या बोटांना फडकी बांधलेली होती. बराच वेळ तो त्यांच्याशीच चाळा करत राहिला.

"अब्बा गेले तेव्हाचं सांग," तो म्हणाला. "झोपेत गेले असं तू लिवलं होतंस."

हे तिने कुणालाही कधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. होय, झोपेतच, असं म्हणायला तिचे ओठ सवयीने उघडलेसुद्धा. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिला ते म्हणवेना.

"झोपेत नाय गेले," ती म्हणाली. "आठवडाभर तुमची वाट बघत होते. रस्त्याला गाडी वाजली की मला उठवून बसव म्हणायचे. शेवटच्या दिवशी डोल्यांना दिसत नव्हतं त्यांच्या. तुमच्या नावाने हाका मारत होते. ऐकवत नव्हतं. गोमाजी उशाशी बसलेला. त्याने त्यांचा हात धरला आन् म्हणाला, 'आलो, अब्बा.'"

अजमलने मान वर केली नाही.

"मग?"

"मग शांत झाले. तुम्ही आलाव असं समजून गेले."

तो तिथेच बसून रडला. आवाज न करता, खांदे हलत होते तेवढेच. सलीमा त्याच्या शेजारी बसून राहिली, आणि त्याला गप्प करायचं तिच्या मनातही आलं नाही. खाली गोमाजी एका मोठ्या धोंड्याशी झटत होता, तो त्याला एकट्याला हलत नव्हता. अजमलने बाहीने डोळे पुसले, तो पाण्यात उतरला आणि त्याने धोंड्याची दुसरी बाजू धरली.